काळी गोटी

1843 च्या ऑक्टोबरात, 13 तारखेला, न्यूयॉर्कमधल्या एसेक्स स्ट्रीटवर सिन्सहाइमरच्या कॅफेत बारा जण जमले. सगळे जर्मन मुलखातून आलेले यहुदी. हेन्री जोन्स हा त्यांचा म्होरक्या. त्यांच्यातले काही आधीच फ्रीमेसन किंवा ऑड फेलो या बंधुसंघांचे सभासद होते, पण आणखी यहुद्यांची नावं सुचवली की लॉजवाले नकाराची मान हलवत, असं त्यांच्या संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. शेवटी त्यांनी स्वतःचाच बंधुसंघ काढला. त्याचं आधीचं नाव जर्मन, ‘बुंडेस ब्र्यूडर’. मग हिब्रू नाव घेतलं, ‘ब्नाय ब्रिथ’, म्हणजे कराराची लेकरं. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांच्या नावातलं ‘बेने’ आणि हे ‘ब्नाय’ एकच.

त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ नावाचं लॉज सुरू झालं. त्याच्यामागेही नकारच होता. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांनी मुंबईतल्या गोऱ्यांच्या लॉजचं दार ठोठावलं होतं. ते उघडलं नाही. गडी हट्टी. पॅरिसला गेला आणि तिथे मेसन होऊन परत आला. मग डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश अधिकाऱ्याने इथल्या लोकांसाठी वेगळं लॉज काढून दिलं. दोन महिन्यांच्या अंतराने, दोन समुद्रांपलीकडे, दोन अल्पसंख्य समाजांनी एकाच अपमानाला जवळपास एकच उत्तर शोधलं. यातल्या कोणाला दुसऱ्याची खबर असण्याचं कारण नव्हतं.

मराठीत ‘लॉज’ म्हटलं की एस.टी. स्टँडसमोरची भाड्याची खोली आठवते. मेसनांचं लॉज म्हणजे बंधूंची शाखा. तिथे एप्रन, पायऱ्यापायऱ्यांची दीक्षा, खुणेचे शब्द असा सगळा सरंजाम असतो. नवा माणूस घ्यायचा की नाही ते पेटीत गोट्या टाकून ठरतं. पांढरी म्हणजे या, काळी म्हणजे नको. काळी कोणी टाकली हे कळत नाही, आणि का टाकली हे सांगावं लागत नाही. उत्तर हिंदुस्थानात लोक मेसनांच्या इमारतीला ‘जादूघर’ म्हणत. त्या जादूचं फार कौतुक आणि फार भय लोकांना वाटत आलं आहे. मला स्वतःला त्या घरातली एकच वस्तू विचार करण्याजोगी वाटते, ती गोट्यांची पेटी.

यहुदी आणि गुप्त मंडळ्या हे दोन शब्द शेजारी आले की आज बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा येतो तो मोबाइलवर फिरणारा मजकूर. इल्युमिनाटी, त्रिकोणातला डोळा, जगाची सूत्रं हलवणारे मूठभर. मराठीतही तो भरपूर फिरतो, आणि एरवी चार पुस्तकं वाचलेली माणसं तो पुढे ढकलतात. त्यातल्या इल्युमिनाटींचंच घ्या. बव्हेरियात 1776 मध्ये अ‍ॅडम वाइसहाउप्टने काढलेली ही मंडळी दहाबारा वर्षंही टिकली नाही. तिथल्या राजवटीने 1785 पर्यंत तिच्यावर बंदी आणली. तिच्या नियमांत कोणाला घ्यायचं नाही याची यादी होती आणि त्या यादीत बायका आणि मठवासी यांच्या बरोबरीने यहुदीही होते. म्हणजे ज्या संस्थेने यहुद्यांना उंबऱ्यावरच अडवलं, तीच आज यहुद्यांच्या नावावर जमा आहे.

या साऱ्या प्रकरणाकडे आपण चुकीच्या टोकाकडून बघतो असं माझं मत आहे. बंद दाराआड काय शिजतं याची चौकशी सगळे करतात. दार कोणावर बंद झालं हे कोणी विचारत नाही. यहुद्यांचा आणि बंधुसंघांचा तीनशे वर्षांचा संबंध या दुसऱ्या प्रश्नाशिवाय समजतच नाही.

लंडनमध्ये 1717 साली मेसनांचं पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची वरची संस्था, उभी राहिली. 1723 मध्ये अँडरसनने त्याची घटना लिहिली. तिच्यात धर्माबद्दल एक सैल वाक्य होतं: ज्या धर्माबद्दल सगळ्या माणसांचं एकमत आहे तेवढा माणसाने पाळावा, बाकीची मतं ज्याची त्याच्यापाशी. त्या काळच्या युरोपात कायद्याच्या कागदावर यहुद्यासाठी इतकी रुंद फट दुसरीकडे कुठे नव्हती. पुढच्या दहाएक वर्षांतच लंडनच्या लॉजांत यहुदी दिसू लागले. अमेरिकेत तर ते वरही चढले. मोझेस मायकेल हेज हा यहुदी 1788 पासून मॅसॅच्युसेट्सचा ग्रँड मास्टर, म्हणजे तिथल्या मेसनांचा प्रमुख होता आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात गाजलेला पॉल रिव्हियर त्याचा उपप्रमुख होता. 1790 च्या ऑगस्टात जॉर्ज वॉशिंग्टन न्यूपोर्टला आला, तेव्हा त्याला तिथल्या यहुदी मंडळींनी मानपत्र दिलं आणि तिथल्या मेसन लॉजनेही दिलं. दोन्हींमागे मोझेस सेइशस हा एकच माणूस होता. धर्मांधतेला थारा नाही, छळाला मदत नाही, हे वॉशिंग्टनचं अजून उद्धृत होणारं वचन त्या यहुदी मानपत्राच्या उत्तरातलं.

जर्मनीत चित्र उलटं. तिथलं मेसनांचं कर्मकांड सगळं शलमोनाच्या मंदिराभोवती फिरणारं. दाराशी याखीन आणि बोअज हे त्या मंदिराचे खांब, कथानायक त्या मंदिराचा कारागीर हिराम, खुणेचे शब्द हिब्रू. आणि ज्यांच्या पूर्वजांनी ते मंदिर बांधलं ते बाहेर उभे. बर्लिनची जुनी प्रशियन लॉजं म्हणत, आमची संस्था ख्रिस्ती आहे. दुसऱ्या लॉजमध्ये रीतसर मेसन झालेला यहुदी पाहुणा म्हणून आला तरी त्याला दारातूनच परत पाठवत.

मेसनांच्या खुणेच्या शब्दांत एक आहे ‘शिब्बोलेथ’. तो बायबलातल्या शास्त्यांच्या पुस्तकातून आला. यार्देन नदीच्या उतारावर पहारेकरी पळून आलेल्या माणसाला म्हणत, हा शब्द उच्चार. ज्याला ‘श’ जमला नाही, जो ‘सिब्बोलेथ’ म्हणाला, तो मेला. त्या कथेत असे बेचाळीस हजार मेले. मराठी माणसाला हे कळायला भाष्य नको. आपल्याकडे ‘ण’ आणि ‘न’वरून कोणाकोणाला शाळेत, ऑफिसात, नाटकाच्या तालमीत काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते आपण जाणतो. दारावरचा पहारेकरी फक्त युरोपात असतो असं नाही.

आता ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनी काय केलं ते बघू. यहुद्यांना बंधुसंघ म्हणजे काय हे मेसनांकडून शिकायची गरजच नव्हती. प्रत्येक गावात त्यांची ‘हेव्रा कदिशा’ असे, म्हणजे पवित्र मंडळी. काम काय, तर मृताला स्नान घालणं, पांढरं कफन नेसवणं, खांदा देणं, पुरणं. प्रागची अशी मंडळी 1564 मध्ये स्थापन झाली. त्या मंडळींना नियम होते, वह्या होत्या, पदं होती. नवा माणूस घेताना पारख होती आणि वर्गणीही. यहुदी पंचांगातल्या अदार महिन्याच्या सप्तमीला, जी मोशेची तिथी मानतात, दिवसभर उपास आणि संध्याकाळी सर्वांचं एकत्र जेवण. तिच्यात असणं हा गावात मान होता. गुपित म्हणाल तर एकच होतं: मृताच्या अंगाबद्दल बाहेर बोलायचं नाही.

न्यूयॉर्कच्या बारा जणांनी लॉजचा अंगरखा घातला, पण आत ही जुनी मंडळीच होती. त्यांच्या सुरुवातीच्या नियमांत काय आहे? सभासद वारला तर विधवेला अंत्यविधीसाठी 30 डॉलर आणि पुढे जन्मभर आठवड्याला 1 डॉलर. मुलांसाठी वेगळी मदत, आणि मुलगा असेल तर त्याला एखादा धंदा शिकवण्याची हमी. खुणेचे शब्द, पदकं, समारंभ हे सगळं होतं, कारण 1840 च्या अमेरिकेत प्रतिष्ठित माणसाची संस्था तशीच दिसायची. तीन वर्षांत, 1846 मध्ये, बायकांनी ‘ट्रू सिस्टर्स’ नावाचा आपला स्वतंत्र संघ काढला. मग असे संघ कितीतरी निघाले. पूर्व युरोपातून लोंढे आल्यावर तर प्रत्येक गावाचं न्यूयॉर्कात मंडळ झालं. वर्गणी भरा, आजारपणात मंडळाचा डॉक्टर, मेल्यावर मंडळाच्या जमिनीत जागा. धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडी ज्यांनी पाहिल्या आहेत, किंवा गिरणगावात एका गावचे पंधरा चाकरमानी एका गाळ्यात राहात हे ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना या मंडळांत काहीच परकं वाटणार नाही. परक्या शहरात मरणाची सोय आधी बघावी लागते.

हे सगळं यहुद्यांत एकमताने चाललं होतं असंही नाही. या विषयावर त्यांच्यातच चांगली जुंपली होती. सुधारकी वळणाचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, लॉजवर खूश. अमेरिकेतले आयझॅक मेयर वाइज स्वतः मेसन होते, आणि मेसनांचा सगळा वारसा मुळात आपलाच, असं त्यांना अभिमानाने वाटे. कर्मठ मंडळींना ते पटत नसे. परक्यांच्या पंगतीला बसायचं, देवाच्या नावाने शपथ घ्यायची, आणि सिनेगॉग या प्रार्थनामंदिराऐवजी संध्याकाळ तिथे घालवायची! रोमच्या पोपने 1738 मध्ये मेसनांवर सरळ बंदी घातली. यहुद्यांना पोपच नाही, त्यामुळे त्यांच्यात फर्मान निघालं नाही, वाद मात्र निघाले. व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइडला वैद्यकातल्या लोकांनी वाळीत टाकल्यासारखं केलं, तेव्हा तो 1897 मध्ये ब्नाय ब्रिथच्या लॉजमध्ये गेला आणि त्याच डिसेंबरात स्वप्नांबद्दलचे आपले विचार त्या भाऊबंदांपुढे मांडले. देवाधर्माशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. ऐकून घेणारी माणसं हवी होती, ती त्याला तिथे भेटली.

खरीखुरी गुप्त संस्थाही यहुद्यांनी काढली, हे लपवण्यात अर्थ नाही. अहद हाआम या विचारवंताने 1889 मध्ये ओडेसात ‘ब्नाय मोशे’ काढली. मुहूर्त तोच, अदार सप्तमी. शपथ, निवडक सभासद, हिब्रू बोलण्याचं बंधन. झारच्या रशियात चारचौघांत यहुदी राष्ट्राबद्दल बोलणं शक्य नव्हतं, म्हणून गुप्तता. जगावर राज्य करण्याचा त्यांचा बेत म्हणाल तर शाळा काढणं आणि पुस्तकं छापणं. सभासद मूठभर. आठ वर्षांत सगळं विरलं. पण त्यांच्यावर हल्ला जेरुसलेमच्या एका धार्मिक यहुदी लेखकाने, यहिएल मिखेल पिनेसने केला, आणि तो काय म्हणून, तर ही छुपी टोळी आहे म्हणून. पुढे 1920 च्या दशकात ज्यूद्वेष्ट्यांनी कडी केली. यहुदी जगावर राज्य करण्याचा कट रचतात असं सांगणाऱ्या ‘प्रोटोकॉल्स’ नावाच्या बनावट पुस्तकाचा कर्ता हाच अहद हाआम, असं त्यांनी ठोकून दिलं.

त्या पुस्तकाच्या वंशावळीत एक तपशील आहे, तो मी विसरू शकत नाही. फ्रेंच राज्यक्रांती मेसनांनी घडवली, असं अबे बार्युएल या फ्रेंच पाद्र्याने 1797 पासून जाडजूड खंडांत लिहिलं. त्यात यहुद्यांना जवळजवळ जागाच नाही. मग 1806 मध्ये फ्लॉरेन्सहून सिमोनिनी या सहीचं पत्र त्याच्याकडे आलं: सगळं ठीक, पण मेसनांच्या मागे यहुदी आहेत हे तुम्ही सांगायचं राहिलंत. आता तारखा लावून बघा. पुढच्याच वर्षी फ्रँकफुर्टचे यहुदी पॅरिसकडे स्वतःचं लॉज काढायची परवानगी मागत होते, कारण जर्मन लॉजं त्यांना दारात उभं करत नव्हती. लुडविग बर्न हा पुढे नावारूपाला आलेला लेखक त्यातून निघालेल्या लॉजचा सभासद. म्हणजे कागदावर यहुदी लॉजचे मालक झाले होते आणि प्रत्यक्षात साध्या सभासदत्वासाठी परदेशी अर्ज करत होते. ‘प्रोटोकॉल्स’ 1903 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात छापले गेले. 1921 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये फिलिप ग्रेव्हजने ते एका जुन्या फ्रेंच राजकीय उपहासावरून उतरवल्याचं ओळीला ओळ लावून दाखवलं. तरी खप थांबला नाही. 1988 च्या हमासच्या सनदेत मेसन, रोटरी, लायन्स आणि ब्नाय ब्रिथ एका ओळीत बसले आहेत. आपल्या तालुक्याच्या गावी नेत्रशिबिर भरवणाऱ्या लायन्स क्लबच्या डॉक्टरांना हे कळलं तर ते दचकतील.

इथे एक सल्ला नेहमी ऐकू येतो, आणि तो देणारे बरेचदा सज्जन असतात. ‘लपवालपवी कशाला करता? सगळं उघडं करा, संशय आपोआप जाईल.’ अल्पसंख्य समाजाला हा सल्ला देणं सोपं आहे. इतिहास त्याला आधार देत नाही. ब्नाय ब्रिथने खुणेचे शब्द आणि समारंभ हळूहळू सोडून दिले, तिचं काम चारचौघांत होऊ लागलं. त्याने काय फरक पडला? 1937 मध्ये नाझींनी तिची जर्मनीतली सगळी लॉजं एका झटक्यात बंद केली आणि मालमत्ता उचलली. रब्बी लिओ बेक तिथले प्रमुख होते. कपाटांत सापडल्या त्या सभासदांच्या याद्या, इतिवृत्तं आणि धर्मादायाचे हिशेब. ते वाचून कोणाचंही मत बदललं नाही.

उलट बाजूही बघा. 1933 मध्ये हिटलर येताच बर्लिनच्या त्या जुन्या प्रशियन ग्रँड लॉजांपैकी एकीने घाईघाईने ‘राष्ट्रीय ख्रिस्ती संघ’ असं नाव घेतलं, पुढे फ्रेडरिक राजाचं नाव जोडलं, आणि आपल्याकडे यहुदी नाहीत याची ग्वाही दिली. दोनशे वर्षं टाकलेल्या काळ्या गोट्या आता तरी कामी येतील असं त्यांना वाटलं असावं. 1935 पर्यंत त्यांनाही टाळं लागलं. पुढे यहुद्यांच्या संहाराची व्यवस्था पाहणाऱ्या अडॉल्फ आइकमनची नाझी गुप्तचर खात्यातली पहिली नोकरी मेसनांच्या विभागात होती. जप्त केलेल्या वस्तू लावायच्या, कार्डं लिहायची. मग त्याची बदली यहुद्यांच्या विभागात झाली. कार्डं लिहिण्याची पद्धत त्याला येतच होती.

म्हणून गुप्ततेवरून कोणाला झोडपण्याआधी मी थांबतो. सत्ता हातात असलेल्यांनी दार लावून घेतलं तर जाब विचारायलाच हवा. न्यायाधीश, पोलीस अधिकारी, कंत्राटदार एकाच बंद खोलीत भाऊ-भाऊ म्हणून बसत असतील, तर गावाने चौकशी करावी. पण जो दुबळा आहे त्याच्या खोलीला दार असणं ही त्याची गरज असते, आणि त्याच्या दाराला कान लावणारा बहुधा चौकशीसाठी आलेला नसतो.

इतकं सगळं यहुद्यांच्या बाजूने लिहून झाल्यावर आपल्या कोकणाकडे वळल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. बेने इस्रायल हे मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात ‘शनिवार तेली’. सिनेगॉगला ते ‘मशीद’ म्हणत. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिली मशीद बांधली. 1830 च्या दशकात बगदादहून ससून वगैरे धनाढ्य यहुदी मुंबईत आले. सुरुवातीला त्यांनी याच मशिदीत प्रार्थना केल्या, याच कबरस्तानात आपली माणसं पुरली. आणि 1836 मध्ये सरकारकडे अर्ज केला, की कबरस्तानात आमच्या आणि यांच्यामध्ये भिंत घालावी.

भिंत मागणारे बाहेरून छळ सोसून आलेले होते हे लक्षात घ्या. पुढे रंगूनमध्ये बगदाद्यांनी बेने इस्रायलांना सिनेगॉगच्या विश्वस्तपदापासून दूर ठेवलं, तेव्हा ते प्रकरण 1930 च्या दशकात हायकोर्टात गेलं आणि बेने इस्रायल जिंकले. इस्रायल देश झाल्यावरही सुटका नव्हती. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी सूचना काढली, की बेने इस्रायलांचं लग्न लावताना त्यांची आई, आजी, पणजी तपासून पाहा. पनवेल-अलिबागकडची माणसं जेरुसलेमात धरणं धरून बसली. 1964 मध्ये ती सूचना बदलावी लागली.

पण बेने इस्रायल तरी? त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ होते. ज्याची आई यहुदी नव्हती, किंवा नव्हती असं लोक म्हणत, तो काळा. त्याच्याशी सोयरीक नाही, भांडीसुद्धा वेगळी. कोकणातल्या वाडीत राहून वाडीचे नियम अंगाला लागले, हे खरं. तेवढं म्हणून सुटत नाही. ज्याला स्वतःला काळी गोटी पडली, त्याने दुसऱ्यासाठी खिशात एक ठेवलीच.

माणकजींच्या लॉजचंही तेच. पारशी आत गेले, मुसलमान गेले, हिंदू मात्र बराच काळ बाहेर. कारण असं दिलं जाई, की मेसनाने एका परमेश्वराला मानलं पाहिजे आणि यांचे देव तर अनेक. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना कित्येक वर्षं भांडून 1872 मध्ये प्रवेश मिळाला. पुढे मुंबईत हिंदूंसाठी लॉज निघालं, त्याचं नाव ‘आर्यन’. एका परमेश्वराची अट घातली कोणी, तर ज्यांच्या घटनेत सगळ्यांचं एकमत असलेला धर्म पुरे असं 1723 पासून लिहिलेलं होतं त्यांनी.

हे लिहिताना टेबलावर एक अर्ज पडला आहे. आमच्या ज्ञातिमंडळाचा, आजीव सभासदत्वाचा. आडनाव, मूळ गाव, कुलदैवत, आईचं माहेरचं आडनाव, आणि खाली शिफारस करणाऱ्या दोन सभासदांच्या सह्यांसाठी जागा. मंडळ चांगलं काम करतं. मुलांना शिष्यवृत्त्या देतं, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांकडे डबा पाठवतं. आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना कशासाठी, असं मी तिथल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, ‘पूर्वीपासून आहे.’ अर्ज तीन महिने तसाच आहे. सभासदांना मंडळाचा हॉल निम्म्या भाड्यात मिळतो, आणि पुढच्या वैशाखात पुतणीचं लग्न आहे. मुलगा आमच्यातला नाही.